पायपेटीचा आवाज कुठे ऐकावा?

‘संगीत सौभद्र’ किंवा ‘संगीत मानापमान’ वर्गात शिकविताना एक अडचण हमखास येते. पुस्तकात पदे छापलेली असतात. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ अशी एक ओळ असते, आणि ती चाल ज्या मूळ गाण्यावरून घेतली ते गाणे आता वर्गातील कोणाच्याही कानांत नसते. विद्यार्थी पद कविता म्हणून वाचतात. कविता म्हणून ते पुष्कळदा फिके वाटते, आणि ते तसे वाटणे स्वाभाविकच आहे, कारण नुसत्या वाचनासाठी ते लिहिलेले नव्हते. मग कोणीतरी भ्रमणध्वनीवर नाट्यपद लावतो. आजच्या विद्यार्थ्याला नाट्यपद म्हणजे बहुधा २०१५ सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटातील पद. त्या चित्रपटातील गायन उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. पण दारव्हेकरांचे १९६७ चे नाटक ज्या परंपरेत उभे राहिले तिच्यात वाद्यवृंद नव्हता. रंगमंचाच्या पुढ्यात एक ऑर्गन आणि एक तबला एवढ्यावर रात्र जागत असे. चित्रपटात नेमका तो ऑर्गनच हरवतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा ऑर्गन, त्याची धाकटी बहीण पेटी, आणि या दोहोंचे जुने वादन आज त्या काळच्याच वाद्यावर कुठे व कितपत ऐकायला मिळते, हा आहे. विषय संगीताचा दिसतो, परंतु मराठी नाटकाच्या अभ्यासकाला तो टाळता येण्यासारखा नाही. संवाद संपत आला की शेवटच्या दोन शब्दांखाली ऑर्गनचा षड्ज हळूच येतो, नट त्या स्वरावर पाऊल ठेवतो आणि गद्याचे पद्य होते. हा सांधा संहितेत कुठेही छापलेला नाही. तो फक्त कानाने कळतो.

युरोपात गेल्या शतकात एक मोठी चळवळ झाली. बाख किंवा कूपराँ यांचे संगीत आधुनिक पियानोवर न वाजविता ते ज्या वाद्यांसाठी लिहिले गेले त्या हार्प्सिकॉर्डवर, क्लॅव्हिकॉर्डवर वाजवावे, असा तिचा आग्रह. वांदा लांदोव्स्का यांनी १९१२ मध्ये प्लेएल कंपनीकडून मोठा हार्प्सिकॉर्ड बनवून घेतला आणि १९३३ मध्ये बाखच्या ‘गोल्डबर्ग’ची ध्वनिमुद्रिका केली. पुढच्या पिढीला तो वाद्यप्रकारच खोटा वाटला, कारण त्याच्या पोटात पियानोसारखी लोखंडी चौकट होती. गुस्ताव लेओनहार्ट (१९२८–२०१२) यांच्यासारखे वादक मग संग्रहालयांतील खरी जुनी वाद्ये आणि त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती यांच्याकडे वळले. आज ते संगीत ऐकू इच्छिणाऱ्यापुढे डझनावारी ध्वनिमुद्रणे असतात आणि त्यांतले वाद्य कोणते, कोणाच्या कारखान्यातले, कोणत्या साली बनलेले, हे वेष्टनावर छापलेले असते.

आपली स्थिती याच्या बरोबर उलट आहे. तिकडे वाद्ये उरली, पण बाखच्या काळचा आवाज कोणीही ऐकलेला नाही. जो ऐकू येतो तो अभ्यासपूर्ण तर्क आहे. आपल्याकडे आवाज तबकडीवर कोरलेला आहे, खरखरीत का होईना, प्रत्यक्ष त्या माणसांचा आहे; पण ज्या वाद्यावर तो निघाला ती वाद्ये गोदामांत, वाड्यांच्या माळ्यांवर आणि भंगारात गेली. त्यामुळे ‘जुन्या वाद्यावरचे जुने वादन’ मिळविण्यासाठी आपल्याला कोणतीही प्रतिकृती बनवावी लागत नाही. ऐकण्याची रीत मात्र शिकावी लागते.

आधी वाद्याविषयी थोडे. हार्मोनियम हे नाव आणि ते वाद्य पॅरिसच्या अलेक्सांद्र द्‌बँ याचे, १८४० नंतरच्या दशकातले. पितळी पट्टीवरून हवा दाबाने बाहेर पडते आणि पट्टी कंप पावते, एवढेच त्याचे तत्त्व. पायाने भाता मारायचा असल्याने दोन्ही हात मोकळे. तीच आपली पायपेटी. अमेरिकेत याच तत्त्वाला उलटा वळसा मिळाला. तेथील ऑर्गनमध्ये भाता हवा बाहेर न ढकलता आत ओढून घेतो. व्हरमाँटमधील एस्टी आणि बॉस्टनमधील मेसन अँड हॅमलिन या कारखान्यांनी असे हजारो ऑर्गन जगभर पाठविले, मुख्यतः चर्चसाठी आणि सुखवस्तू घरांसाठी. हवा आत ओढली गेल्याने आणि पट्ट्या लाकडी कप्प्यांत खोल बसविल्याने या ऑर्गनचा स्वर गोल व मृदू होतो. पेटीची धार त्यात नसते. गुडघ्याने दाबायची एक फळी असते, तिने आवाज कमी-जास्त करता येतो. नटाचा आवाज तार सप्तकात गेला की ऑर्गनवाला गुडघा सरकवतो आणि वाद्य त्याच्यामागे फुलते. ही सोय हाताच्या पेटीत नाही.

हातपेटी कलकत्त्याची. द्वारकानाथ घोष यांनी पायपेटीचे पाय काढून भाता पाठीमागे बसविला, जमिनीवर बसून वाजविणाऱ्या गवयासाठी. वाद्य स्वस्त झाले, खांद्यावरून नेता येऊ लागले, पण एक हात भात्यात अडकला. पुढच्या साऱ्या पेटीवादनाचा इतिहास या अडकलेल्या डाव्या हाताचा इतिहास आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

मराठी रंगभूमीवर पेटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ऑर्गनने तिची जागा घेतली. या स्थित्यंतराच्या मध्यभागी एकच माणूस उभा दिसतो, तो म्हणजे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५). कोल्हापूरचे हे गृहस्थ आधी पेटीवादक, मग ‘मानापमान’चे (१९११) संगीतकार, मग बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीचे संस्थापक, मग ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीतकार आणि त्यातील हरिश्चंद्र. त्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ साहित्याच्या अभ्यासकाने केवळ गद्यासाठीही वाचावे. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या मागे बसून ज्याने साथ केली, त्यानेच नाटकाच्या चाली बांधल्या. ‘मानापमान’च्या पदांमधील वळणे पट्ट्यांवर बोटे फिरविणाऱ्याला सुचलेली आहेत, असे ती पदे पेटीवर काढून पाहताना वारंवार वाटते. हे माझे मत आहे. पण ते तपासून पाहावे अशी माझी संगीतज्ञ मित्रांना विनंती आहे.

गंधर्व मंडळीत पुढे ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला असा त्रिवेणी संगम झाला. ‘स्वयंवर’ (१९१६) आणि त्यानंतरच्या नाटकांचे जे वैभव वृद्ध रसिक सांगत, त्यातला निम्मा वाटा या साथीचा होता. सारंगी गळ्याला चिकटून जाते, ऑर्गन त्याखाली सतरंजी अंथरतो. बालगंधर्वांच्या गळ्यातील बारीक कण या सतरंजीवर स्पष्ट दिसतात.

आता प्रश्न असा की यांतले काय ऐकू येते?

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघेपर्यंत तबकड्या छापून येत त्या जर्मनीतील हानोफरहून. गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव मोठ्याने सांगे, कारण परक्या देशातल्या कामगाराला कोणती मेणतबकडी कोणाची हे कळावे. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणारा कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढत असे. या पद्धतीत ढोबळमानाने २५० ते २५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पकडला जाई. तबल्याचा डग्गा त्याच्या खाली, तंबोऱ्याची झार त्याच्या वर. दोन्ही गळून पडत. पेटीचा स्वर मात्र नेमका मधला, सलग आणि दणकट, त्यामुळे कर्ण्याला ती मानवली. सुरुवातीच्या तबकड्यांवर जिकडेतिकडे पेटी ऐकू येते, त्याला लोकप्रियतेइतकेच हे यांत्रिक कारणही आहे. सारंगीच्या अभिमान्यांनी याचा राग मानू नये.

म्हणून या काळातील ध्वनिमुद्रिकांत पेटीचा ‘असणे’ हा गुण कळतो, तिचा ‘रंग’ कळत नाही. वरचे स्वरांश कर्ण्याने खाल्लेले असल्यामुळे पॅरिसची कास्रिएलची पेटी कोणती आणि देशी पेटी कोणती, हे त्यावरून सांगणारा मनुष्य मला अजून भेटलेला नाही. रंग ऐकायचा तर १९२५ नंतर आलेल्या विजेच्या ध्वनिमुद्रणाकडे गेले पाहिजे. बालगंधर्वांच्या तिसाव्या दशकानंतरच्या तबकड्यांत ऑर्गन खरोखर ऑर्गनसारखा वाजतो. त्यांच्या तरुण गळ्याची भुरळ पडलेले रसिक जुन्या तबकड्यांना अधिक मान देतात, ते त्यांच्या दृष्टीने योग्यच. पण ज्याला साथ ऐकायची आहे त्याने उलट क्रमाने चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातही एक मर्यादा कायम राहते. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. रंगमंचावर ‘वन्स मोअर’सह जे पद वीस मिनिटे चाले ते तीन मिनिटांत आवळले की पहिला बळी जातो तो साथीच्या जागांचा. गायकाने श्वास घेतला, की ऑर्गनवाला त्या पोकळीत जे दोन-चार स्वर भरतो, तेच काय ते त्याचे स्वतःचे बोलणे. तबकडीत त्या पोकळ्याच उरत नाहीत. तबकडीवरील पदावरून रंगमंचावरील पदाची लांबी-रुंदी ठरविणे म्हणजे बखरीवरून पगारपत्रक काढण्यासारखे आहे, आणि आमच्या प्रबंधांतून ते सर्रास केले जाते. असो.

तबकडीच्या काळात हे वाद्य ज्यांनी शिखरावर नेले त्यांच्यावर दुसरे संकट आले ते नभोवाणीचे. ही कहाणी पुष्कळांना अर्धवट ठाऊक असते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे जॉन फौल्ड्‌स यांनी १९३८ मध्ये नभोवाणीच्या पत्रिकेत हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. पेटीतील बारा ठरीव स्वरांमध्ये भारतीय रागांच्या श्रुती बसत नाहीत आणि मींड निघत नाही, हा मुख्य आक्षेप. रवींद्रनाथांनीही जानेवारी १९४० मध्ये कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून पेटी हद्दपार करण्याची विनंती केली. लायोनेल फील्डन प्रमुख असताना १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. स्वातंत्र्यानंतर ही बंदी उठेल असे वाटले होते. परंतु १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बा. वि. केसकर, हे तर मराठी गृहस्थ, पेटीच्या बाबतीत इंग्रज अधिकाऱ्यांहून मवाळ नव्हते. १९७१ मध्ये वरच्या श्रेणीच्या कलावंतांच्या साथीपुरती पेटीला परवानगी मिळाली. स्वतंत्र वादनाला दार त्यानंतरही पुष्कळ वर्षे बंदच होते.

आक्षेप संगीतशास्त्रीय होता आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. समान भागांनी लावलेल्या पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट). तयार कानाला ते टोचते. पण या प्रश्नाला महाराष्ट्राने बंदीच्या तीस वर्षे आधीच हात घातला होता, हे बंदी घालणाऱ्यांनी लक्षात घेतले नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी नोकरीतील अर्नेस्ट क्लेमंट्‌स यांनी त्यांच्या मोजमापांवरून लंडनमध्ये श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पंडितांपुढे ठेवली गेली आणि पंडितांनी ती नापसंत केली. प्रत्येक गवयाचा कोमल ऋषभ निराळा. तो पट्टीत कोंडता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. फौल्ड्‌स पुढे बोलले तेही साधारण तेच. फरक एवढाच, की बडोद्याच्या पंडितांनी एक पेटी नापसंत केली, आणि नभोवाणीने सगळ्या पेट्या बंद केल्या. आमच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या पेटीचा प्रयोग नव्या रीतीने केला आहे, आणि अनेक वादक गांधार स्वयंभू ठेवून पेटी लावतात. म्हणजे देवलांचा प्रश्न अजून जिवंत आहे.

बंदीचा परिणाम मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने भयंकर झाला. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर (१९१६–१९६७), हे पेटीवरचे विलक्षण हात असलेले वादक. बंदी आली तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि ती शिथिल होण्यापूर्वी चार वर्षे वारले. त्यांची उमेदीची सारी वर्षे बंदीच्या आत गेली. नभोवाणीच्या संग्रहात ज्या काळातील गायकांची तास-दोन तासांची ध्वनिमुद्रणे सापडतात, त्या काळातील पेटीवादकांची तशी सापडण्याची शक्यताच या बंदीने मिटविली. मधुकरांच्या ज्या मोजक्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या, त्या म्हणूनच अमूल्य. तीन मिनिटांत नाट्यपद, ठुमरी यांचा सारा जीव त्यांनी पट्ट्यांवर उतरविला आहे. येथे गायक नाही, त्यामुळे वाद्य पुढे आहे; ध्वनिमुद्रण विजेचे आहे, त्यामुळे रंग आहे; आणि वाद्य त्या काळचेच आहे. जुन्या पेटीवादनाचा एकच नमुना वर्गात लावायचा असेल तर तो मी यांतून निवडीन. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांची ध्वनिमुद्रणे यानंतर ऐकावीत. तीच बोटे अधिक निवांतपणे चालताना दिसतात. बेळगावचे रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) मधुकरांच्याच वयाचे, पण दीर्घायुषी. त्यामुळे त्यांचे वादन कॅसेट आणि सीडीच्या काळापर्यंत पोचले. कोणाचे वादन उरावे हे गुणांइतकेच आयुष्याच्या लांबीवर ठरले, ही या इतिहासातील कडू गोष्ट आहे.

ऑर्गनसाठी माझी निवड निराळी आहे. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांनी अनेक दशके नाटकांना आणि नाट्यसंगीताच्या मैफलींना ऑर्गन व पेटीची साथ केली. छोटा गंधर्व, वसंतराव देशपांडे यांच्या मैफलींची खाजगी ध्वनिमुद्रणे रसिकांकडून रसिकांकडे फिरत आली, त्यांत पटवर्धनांची साथ लांबलचक ऐकायला मिळते. तबकडीने कापलेल्या त्या पोकळ्या येथे परत येतात. गायक थांबतो, ऑर्गन त्याचे वाक्य पुरे करतो, श्रोते आधी गायकाला की ऑर्गनवाल्याला दाद द्यावी या गोंधळात पडतात. ध्वनिमुद्रण घरगुती टेपवरचे, कोणीतरी मध्येच खोकतो. तरीही गंधर्वकाळातील साथ कशी चालत असेल याची कल्पना बालगंधर्वांच्या तबकडीपेक्षा या टेपवरून अधिक येते. काळाच्या दृष्टीने हा पुरावा उशिराचा आहे, हे मान्य. पण मौखिक परंपरेत उशिराचा पुरावा कनिष्ठच असतो असे नाही. संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना हे मी सांगायला नको.

आता जवळचे उदाहरण. आमच्या भोर आणि वेल्हे या तालुक्यांत (वेल्ह्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला) नाट्यगृहाची परंपरा मोठी नाही, पण भजनी मंडळे गावोगाव आहेत. नीरा आणि गुंजवणीच्या खोऱ्यांतील देवळांत एकादशीला भजन बसते, तेव्हा पखवाज, टाळ आणि पेटी असते. तीत वाजणाऱ्या अभंगांच्या चाली कान देऊन ऐकाव्यात. कितीतरी चाली नाट्यपदांच्या आहेत. मुंबईला गिरणीत काम करणाऱ्या पिढीने त्या मुंबईच्या भजनांतून आणल्या असाव्यात, हा माझा तर्क. पेटीवाला बुवा नाटकाचे नावही सांगू शकणार नाही, पण चालीतील वळण बरोबर घेतो. मात्र ज्या ठिकाणी ऑर्गनवर डाव्या हाताने खर्जातला स्वर धरून ठेवलेला असे, तिथे या बुवाचा डावा हात भात्यावर आहे. मग तो काय करतो? ती जागा तो उजव्या हाताच्या करंगळीने वरच्या सप्तकात दाबतो, किंवा पखवाजावर सोपवून मोकळा होतो. दोन हातांचे संगीत एका हाताने वाहून नेण्याची ही युक्ती तीन-चार पिढ्यांची आहे. लोकसंगीताच्या नावाखाली आपण जे नोंदवितो त्यात रंगभूमीचा असा वाटा किती, याचा शोध घेण्याजोगा आहे. आणि देवळातील पेटी बहुधा नवी नसते. कोणीतरी नवस फेडताना दिलेली, अनेकदा स्वर मिळवून घेतलेली. हिशेबाने तीही जुन्या वाद्यावरचे वादनच झाले.

राहिला प्रश्न हाती लागलेली ध्वनिमुद्रिका चांगली की वाईट, हे कसे ओळखावे. आज जुन्या तबकड्यांच्या प्रती महाजालावर विपुल आहेत. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने, विशेषतः सुरेश चांदवणकर यांच्या चिकाटीने, या क्षेत्रात नोंदींची शिस्त आणली. तबकडीचा क्रमांक, साचा-क्रमांक, लेबल यांचे महत्त्व आपल्याला तिथून कळले. पाठभेदांची सवय असलेल्या मराठीच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. एकाच तबकडीच्या तीन प्रती म्हणजे एकाच पोथीच्या तीन प्रती.

पहिली तपासणी खरखरीची. जी प्रत स्वच्छ, गुळगुळीत, खरखर नसलेली असेल तिच्याविषयी आधी शंका घ्यावी. संगणकाने खरखर पुसताना तिच्याच उंचीवर असलेले पेटीचे वरचे स्वरांश पुसले जातात आणि पितळ शिसे होऊन बसते. गळ्याला याचा फटका कमी बसतो, वाद्याला जास्त. खरखर असू द्यावी. पाच मिनिटांत कान तिला विसरतो.

दुसरी तपासणी गतीची, आणि येथे पेटी स्वतःच साक्षीला येते. ‘७८ फेऱ्या’ हा आकडा आरंभीच्या काळात केवळ नावापुरता होता. तबकड्या सत्तरीपासून ऐंशीच्या पुढपर्यंत कोणत्याही गतीने कोरल्या जात. ७८ ची तबकडी ७३.६ ने फिरविली तर सारे गाणे एका पट्टीने खाली उतरते, बाईचा आवाज बुवाचा होऊ लागतो. गळ्यावरून खरी पट्टी सांगता येत नाही. पेटीच्या पट्ट्या मात्र ठरलेल्या असतात. म्हणून तबकडीवरील पेटीचा स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडत असेल तर गती चुकली असे समजावे. हे सुटसुटीत वाटते, पण यातही मेख आहे. फ्रान्समध्ये १८५९ पासून पांढरी सहा ४३५ कंपनांवर लावीत, आजचा संकेत ४४० चा, आणि जुन्या इंग्रजी वाद्यांत ती ४५२ पर्यंत चढलेली असे. ४३५ आणि ४५२ यांमध्ये दोन पट्ट्यांमधील अंतराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जातो. म्हणजे त्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पेटी पॅरिसची होती की लंडनची, हे कळल्याखेरीज गतीचा निकाल पुरा लागत नाही. आणि पेटी कोणती होती हे लेबलवर कधीच छापलेले नसते. वाद्य समजले तर तबकडी नीट ऐकता येते, आणि तबकडी नीट ऐकली तर वाद्य समजते. अशा वेळी दोन-तीन गतींनी ऐकून ज्या गतीला गायकाच्या आवाजातले कंप नैसर्गिक वाटतात ती घ्यावी, आणि घेतली ती कोणती, हे नोंदवून ठेवावे.

तिसरी गोष्ट तपासणी नाही, सवय आहे. तबकडी सुरू झाल्यावर गळा येण्यापूर्वी एक-दोन सेकंद ऑर्गन किंवा पेटी एकटी असते, आणि गाणे संपल्यावर सुई बाहेर जाण्यापूर्वी पुन्हा तशीच एकटी राहते. बहुतेक प्रती संगणकावर चढविताना हे टोकाचे तुकडे ‘रिकामे’ म्हणून कापून टाकलेले असतात. ज्या प्रतीत ते ठेवलेले असतील ती प्रत उतरवून घ्यावी. वर्गात मी आधी तेवढेच दोन सेकंद लावतो, मग संहितेतील पदाआधीचा संवाद एका विद्यार्थ्याला वाचायला सांगतो, आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर तबकडी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.